परत मागितलेलं वाण

लिहिणाऱ्यांच्या पंगतीत मी न बोलावता येऊन बसतो आहे, याची मला जाणीव आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दोन ओळींहून अधिक लिहिलं असेल, तर ते रजेच्या अर्जात. पणजोबा सरकारी पागेत स्वार होते, आजोबांनी त्याच पागेतली शेवटची घोडी सांभाळली, आणि बाबा नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात बॉयलरवर होते. कॉलेजची पायरी चढलेला घरातला पहिला मीच, आणि चढून मी फार मोठं काही केलं असंही नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणजे फळ्यावर लिहिलं आणि पुसलं. तेव्हा भाषेची सफाई इथे मिळणार नाही, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. सांगायचं आहे ते माझ्या आईच्या एका फाल्गुनाबद्दल. तो पाहिलेलं आता माझ्याशिवाय फारसं कोणी उरलेलं नाही, एवढ्याच आधारावर मी लिहायला बसलो आहे.

बडोद्यात वाडी नावाच्या भागाच्या मागच्या अंगाला आमची लाईन होती. लाईन म्हणजे एका ओळीत, एका छपराखाली दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं. एके काळी तिथे घोडे बांधत, असं सगळे सांगायचे, आणि पावसाळ्यात भिंतींना येणारा वास घोड्यांचाच, असं बाबा छातीठोक म्हणायचे. लाईनीत बहुतेक घरं आमच्यासारखी, पागेतल्या आणि पलटणीतल्या माणसांची नातवंडं-पतवंडं. घरात मराठी, ओट्यावर अर्धी गुजराती, रस्त्यावर पूर्ण गुजराती. आमच्या आमटीत गूळ जरा जास्त पडायचा आणि आम्हांला ते कळायचंही नाही. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं ‘ही आमटी आहे की दाळ?’ असं विचारलं, तेव्हा आई दुखावली होती. कारण तिच्या आमटीत गूळ कितीही असो, मसाला अस्सल गोडा असायचा. चैत्रात ती तो स्वतः भाजून कुटायची. दगडफूल आणि खोबरं भाजल्याचा तो वास लाईनीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा, आणि दारातून जाणारी भाजीवाली हाळी थांबवून म्हणायची, ‘मराठण बेननो मसालो थयो.’ मराठी बाईंचा मसाला झाला. आता मी पुण्यात मुलीकडे सातव्या मजल्यावर राहतो. इथे मसाला पाकिटात येतो. चांगला असतो. पण तो झाल्याचं कोणाला कळत नाही.

मागच्या दारी एक दगडी डोणी होती, पागेतली घोडी पाणी प्यायची ती. वापराचं पाणी आता नळाला होतं, पण आईनं ती हलवू दिली नाही. तिचा उपयोग एकच होता. गणपतीच्या विसर्जनाहून परतताना रिकाम्या पाटावर तळ्यातली मूठभर माती आणायची आणि घराच्या कोपऱ्यांत, धान्याच्या डब्यांपाशी टाकायची, ही आमच्याकडची रीत. दोन खोल्यांच्या घराला कोपरे ते कितीसे. उरलेली माती आई डोणीत टाकायची. देवाबरोबर आलेली वस्तू केरात जात नाही, ती पाण्यातच जाते, हा तिचा नियम होता, आणि लाईनीतल्या सगळ्याच बायकांचा होता. वर्षानुवर्षांची अशी माती डोणीच्या तळाशी साचलेली होती. तिच्यावर वीतभर पाणी, आणि पाणी प्यायला येणाऱ्या साळुंक्या.

मी बारावीला होतो त्या वर्षी अनंत चतुर्दशीला बाबांना रजा मिळाली नाही. कारखान्यातल्या मराठी कामगारांचा एक गणपती असायचा, तो ते जवळच्या एका गावच्या तळ्यात पोचवत. बाबांनी ठरवलं, आपलाही त्याच्याबरोबर नेऊ. पहाटेच्या कंपनी बसमध्ये आमचा वीतभर गणपती मांडीवर घेऊन ते बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, ‘आज जरा हळू चालव, साहेब बसले आहेत.’ संध्याकाळी त्याच पाटावर त्या गावच्या तळ्यातली काळी माती घेऊन ते परत आले. आईनं ती नेहमीप्रमाणे कोपऱ्यांत टाकली आणि उरलेली डोणीत.

दिवाळीनंतर डोणीत पानं दिसू लागली. आधी हातातल्या पैशाएवढी, मग तळहाताएवढी, पाण्यावर चिकटून पसरलेली, वरून हिरवी आणि त्यांच्यावर तपकिरी शिंतोडे, उलटी केली तर जांभळट. उन्हाळ्यात एका सकाळी मध्येच एक कळी वर आली आणि उन्हं चढल्यावर उघडली. पिवळं फूल. लोणी कढवताना मध्येच जो रंग येतो, तो पिवळा. आई पोळपाट सोडून उठली आणि हात न धुता दारात उभी राहिली. मग तिनं डोणीला हळदकुंकू वाहिलं. ‘गणपती ठेवून गेलाय,’ एवढंच म्हणाली. त्या उन्हाळ्यात तिचा दिवस त्या फुलाच्या वेळेवर चालायचा. ते उघडायचं तेव्हा दूर गिरणीचा भोंगा व्हायचा आणि आई जेवणाची पानं घ्यायची. ते मिटू लागलं की चहाचं आधण. लाईनीतल्या बायका दुपारी ‘कमळ बघायला’ यायच्या. आमच्याकडे कोणी काही बघायला आलं आहे, असं तोवर कधी झालं नव्हतं.

जूनमध्ये मी कॉलेजात गेलो. वनस्पतीशास्त्र घेतलं, कारण त्याला गणित कमी होतं. जाताना आईनं हातावर दही ठेवलं आणि बाबांनी कंपनीतून मिळालेला पेन दिला. कॉलेजात मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचो. इंग्रजी तासाला समोरच्याच्या मानेकडे बघत राहायचो. घरी मात्र आई विचारायची, ‘आज काय शिकवलं?’ आणि मी जे काही सांगेन ते ती विमलकाकूंना सांगायची. विमलकाकू शेजारच्या, जिभेच्या तिखट. त्या म्हणायच्या, ‘पान हिरवं असतं हे शिकायला मनूला बस लागते होय?’ आई हसायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायची.

त्या संक्रांतीला आईनं वाण म्हणून ते कमळ लुटलं. हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येक सवाष्णीला काहीतरी वस्तू द्यायची, त्याला वाण लुटणं म्हणतात, आणि त्यात बायकांची चढाओढ चालायची. कोणी स्टीलच्या वाट्या, कोणी प्लास्टिकचे डबे. आई आपल्याला जमेल ते, वाती नाहीतर हळदीच्या पुड्या द्यायची आणि पुढे पुढे करायची नाही. पण त्या वर्षी डोणी भरून गेली होती. एका रोपापासून मातीतून दोरीसारखं काहीतरी निघायचं, वीत-दीड वीत जायचं आणि तिथे दुसरं रोप. आईनं कुंभाराकडून मातीची बोळकी आणली, एकेकात चिखल भरून एक-एक रोप लावलं, बोळक्यांना गेरू दिला आणि वर चुन्याची बोटं. मी तिला इतकं सजलेलं आणि इतकं मोकळं बोलताना क्वचित पाहिलं आहे. ‘विकतचं नाही हो,’ ती प्रत्येकीला सांगत होती, ‘देवानं घरी दिलेलं आहे. मोठ्या भांड्यात ठेवा. आणि नको झालं तर टाकू नका, पाण्यात सोडा.’

थंडी ओसरली आणि प्रॅक्टिकलला पाणवनस्पतींचा पाठ आला. लिलीच्या देठाचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा असतो. त्यात हवेच्या मोठमोठ्या पोकळ्या दिसतात आणि त्यांत चांदण्यांसारख्या कडक पेशी. कॉलेजचा माळी देठ आणून ठेवायचाच, पण मी घरचं आख्खं रोप पिशवीत घालून, फुलासकट नेलं. पहिल्यांदाच माझ्याकडे दाखवण्यासारखं काही होतं. आम्हांला त्रिवेदी सर शिकवायचे. बारीक अंगाचे, कायम खिशात भिंग ठेवणारे. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि तास सोडून माझ्या बाकाशी आले.

‘आ क्यांथी लाव्यो, मनोहर?’

कुठून आणलंस, असं ते विचारत होते. मी म्हटलं, ‘घरेथी, सर. कमळ छे.’

‘कमळ नथी,’ ते म्हणाले आणि मग माझं गुजराती अडेल असं वाटून हिंदीत आले. कमळाचं पान पाण्याच्या वर देठावर उभं राहतं आणि अखंड गोल असतं. हे पाण्यावर निजतं आणि त्याला देठापर्यंत खाच आहे. म्हणजे ही लिली. आपल्याकडच्या लिली पांढऱ्या, गुलाबी, निळसर. एकीच्या पानाला करवतीसारखे दात असतात, तिचं फूल रात्री उघडतं. ही पिवळी, दुपारची, पानावर डाग. ते बोलत बोलत रोप नळाखाली धूत होते. चिखल गेला तसं दोरीच्या टोकाला काहीतरी दिसू लागलं. केळ्याचा घड करंगळीच्या पेराएवढा केला तर जसा दिसेल, तशी जाड, पांढरट मुळं, एकमेकांना चिकटून. सरांनी भिंग माझ्या हातात दिलं. ‘यावरून ओळखायची. मूळची मेक्सिकोकडची. हा घड जिथे पडेल तिथे नवीन रोप. बी नसलं तरी चालतं.’ मग त्यांनी विचारलं, माती कुठल्या तळ्याची? मी सांगितलं. ‘तर मग ते तळं एकदा बघून ये,’ ते म्हणाले. ‘आणि घरची ही कोणाला देऊ नका.’

मी म्हटलं, ‘दिली, सर.’

घरी आलो तेव्हा आई भाकऱ्या थापत होती आणि बाबा पहिल्या पाळीहून येऊन चहा पीत होते. मी उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. मला सांगताही नीट येत नव्हतं. ही लिली सगळं पाणी झाकते, खाली ऊन पोचत नाही, खालचं शेवाळ-गवत कुजतं, मासे गुदमरतात, असं पुस्तकासारखं बोलत होतो आणि आईचा हात परातीत थांबला होता.

‘म्हणजे मी काय विष वाटलं?’ ती म्हणाली.

‘विष नाही गं. बोळक्यात आहे तोवर काही नाही. तळ्यात गेलं तर.’

‘तळ्यातच जाणार की. मीच सांगितलंय सगळ्यांना.’

बाबांनी कप खाली ठेवला. ‘वाण परत मागायचं नसतं. सौभाग्याचं देणं आहे ते. आपल्या घराण्यात दिलेलं परत घेतलेलं नाही कोणी.’

‘तुमच्या घराण्यात घोडी होती,’ आई म्हणाली. ‘ती पसरत नव्हती.’

त्यावर बाबा हसले, आई हसली नाही. भाकरी तव्यावर टाकून ती माझ्याकडे वळली. ‘मनू, मला ते तळं दाखव. मी बघितल्याशिवाय कोणाच्या दारात जाणार नाही. तुझ्या सरांवर विश्वास आहे, पण दारात तुझे सर जाणार नाहीत, मी जाणार आहे.’

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.नं गेलो. आईनं डब्यात भाकरी आणि लसणाची चटणी घेतली होती. कॉलेज बुडवून आईबरोबर एका खेड्याच्या तळ्याला चाललेला मी, आणि खिडकीतून कोयलीच्या रिफायनरीची जळती चिमणी बघणारी ती. आम्ही दोघंच असे बाहेरगावी त्याआधी कधी गेलो नव्हतो, आणि नंतरही गेलो नाही. तो प्रवास मला हल्ली फार आठवतो. ती सगळा रस्ता माझ्याशी वर्गाबद्दल बोलत होती. सूक्ष्मदर्शकात चांदण्या कशा दिसतात, हे तिनं मला दोनदा सांगायला लावलं.

ऊन डोक्यावर होतं. बांधावर चढलो आणि समोर तळं नव्हतंच. पिवळी फुलं होती, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि त्यांच्यामधून लांब बोटांवर तोल सांभाळत चालणारे दोन कमळपक्षी. आईच्या तोंडून ‘आई गं’ एवढंच निघालं. ते कौतुक होतं, मी तिला ओळखतो. इतकं सुंदर मीही त्याआधी काही पाहिलं नव्हतं, हे खरं आहे. मग वारा फिरला आणि वास आला. काठाशी बोटभर मोकळं पाणी होतं, ते चहासारखं काळं. त्यात चिमुकले मासे उलटे तरंगत होते.

बांधावरच्या बाभळीखाली एक म्हातारा मासे धरायचं जाळं विणत बसला होता. त्याचं नाव शनाभाई, तळं शिंगाड्याच्या लागवडीला त्याच्याकडे असायचं. आईला बघून तो म्हणाला, ‘फूल लेवा आव्यां, बेन?’

‘ना भाई, जोवा,’ आई म्हणाली. घ्यायला नाही, बघायला. आणि बांधावरच बसली.

शनाभाईला बोलायला कोणीतरी हवंच होतं. तो सांगत गेला. पहिल्या वर्षी चार फुलं आली तेव्हा गावानं आरती केली. दिवाळीला बायका फुलं नेऊन शहरात विकायच्या, त्यालाही बरं वाटायचं. यंदा शिंगाडे फक्त त्या तिकडच्या कोपऱ्यात झाले. वेलांना पसरायला पाणीच दिसेना. हिवाळ्यात बदकं उतरायची, ती वरून फेरी मारून निघून गेली. त्याचे दोघे मुलगे आता कोयलीला ठेकेदाराच्या हाताखाली जातात.

मी भीत भीत विचारलं, ‘काका, पण शिंगाड्याची पानंही पाणी झाकतातच ना?’

‘शिंगोडां तो अमे काढी लईए,’ तो म्हणाला. ‘आने कोण काढे?’ शिंगाडे आम्ही खुडतो, वेल उपटतो. याला कोण काढणार? त्यानं आणि मुलांनी टायरच्या ट्यूबवर बसून उपटून पाहिलं होतं. जितकं उपटलं तितकं तुटून इकडे तिकडे गेलं.

आईनं विचारलं, हे इथे आलं कसं? शनाभाईनं जाळ्यातून मान वर न करता सांगितलं की कोणाच्या तरी बागेतल्या टाकीत जास्तीचं झालं होतं. फेकायला जीव होईना, म्हणून गणपतीच्या दिवसांत नारळ वाहून इथे सोडून गेले. ‘भावथी मूक्युं हशे, बेन,’ तो म्हणाला. भक्तीनंच सोडलं असेल. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच आईला ते लागलं असावं. तिनं डब्यातली भाकरी त्याला दिली, चटणी दिली, आणि एस.टी.त बसल्यावर मला म्हणाली, ‘उद्यापासून एकेक घर घ्यायचं.’

रिकाम्या हातानं वाण परत मागणं तिला शक्य नव्हतं. बदल्यात काही द्यायला हवं, आणि ते घरचंच हवं. तिनं मसाल्याची बरणी काढली. वर्षाचा मसाला, अर्ध्याहून जास्त उरलेला. वर्तमानपत्राच्या पुड्या बांधल्या, प्रत्येक पुडीवर हळदकुंकवाची बोटं लावली, आणि सकाळी डोक्यावरून पदर घेऊन निघाली. मागून मी, हातात पत्र्याची बादली. दारात उभं राहून ती एकच वाक्य म्हणायची, ‘वहिनी, मी दिलेलं कमळ परत द्या, आणि त्याच्या जागी हे ठेवा. मनूच्या कॉलेजात कळलंय, ते आपल्या तळ्यांना चांगलं नाही.’ एका वहिनींनी बोळकं लगेच आणून दिलं आणि म्हणाल्या, बरं झालं, डास झाले होते. एकीनं दार अर्धं लावून घेतलं आणि सासूला विचारून सांगते म्हणाली, आणि आई त्या अर्ध्या दाराशी उभी राहिली. सासू आली. ‘शिकवला मुलगा,’ म्हणाली, ‘आणि त्यानं पहिलं काय केलं, तर आईला वाण मागायला लावलं.’ आई म्हणाली, ‘हो ना, काय करता. आता शिकवलाय तर ऐकावं लागतं.’ त्या क्षणी माझे कान तापले होते. आज ते वाक्य मला कुठल्याही पदवीपेक्षा मोठं वाटतं, पण हे कळायला माझे केस पांढरे व्हावे लागले.

विमलकाकूंकडे बोळकं नव्हतं.

‘सोडलं की गं पाण्यात,’ त्या म्हणाल्या. ‘पानं सडायला लागली. सडलेली देवाची वस्तू घरात ठेवू काय? तूच सांगितलं होतंस. मागच्या तळ्यात सोडलं, रथसप्तमी झाली की लगेच.’ आणि मग आईचा चेहरा बघून, ‘घेली, वेडी झालीस काय? एका बोळक्यानं काय होतंय?’

‘तिथेही एकाच बोळक्यानं झालं,’ आई म्हणाली. ‘चल, जागा दाखव.’

मागचं तळं म्हणजे लाईनीमागचं लहानसं तळं, धोब्याचा एक दगड, एक पिंपळ, आणि पाण्यात आमच्याच देशी पांढऱ्या लिलीची थोडी पानं. विमलकाकू पायरीवर उभ्या राहून बोट दाखवत होत्या. मी पँट दुमडून उतरलो तोच मागून पाणी हललं. आई लुगड्याचा काचा मारून कमरेएवढ्या पाण्यात उतरली होती. तिला पोहता येत नव्हतं. ‘तू ओळखतोस, पण लावलंय मी,’ ती म्हणाली. आम्ही दोघं चिखलात हातांनी चाचपत होतो, ती डावीकडे, मी उजवीकडे, आणि पायरीवरून विमलकाकू, ‘अगं, जरा पलीकडे, नाही नाही, पिंपळाकडे, बघ, साप असेल गं,’ असं एकसारखं म्हणत होत्या. शेवटी त्याही उतरल्या, शिव्या देत, चष्मा मला सांभाळायला देऊन.

बोळकं आईच्याच हाताला लागलं, आडवं पडलेलं. रोप त्यातून बाहेर येऊन रुजलं होतं. तिनं ते मुळाशी हात घालून उचललं, लहान मूल पाळण्यातून उचलावं तसं. पायरीवर आणून मी पाण्यानं धुतलं. दोरी निघाली होती. पण तिच्या टोकाला घड नव्हता, दोरी मध्येच तुटलेली होती. ती आता आमच्या हातांनी तुटली, की आधीच तुटून टोक कुठे गेलं, हे कळायला मार्ग नव्हता. आम्ही पुन्हा उतरलो. ऊन चढेपर्यंत चिखल गाळला. काही मिळालं नाही.

‘राहिलं असेल का रे?’ आईनं विचारलं. मी सांगितलं, मला माहीत नाही. मला खरंच माहीत नव्हतं.

गोळा झालेली सगळी रोपं आणि डोणी उपसून काढलेली सगळी, सरांनी सांगितल्याप्रमाणे पत्र्यावर कडक उन्हात वाळवली, आईच्या पापडांशेजारी. पार चुरा होईतो. मग तिनं ती चुलीत घातली आणि राख तुळशीला. मग हात जोडले. चैत्रात नवा मसाला होईपर्यंत आमच्या आमटीला मसाला नव्हता. बाबा पहिल्या घासाला थांबायचे, मग म्हणायचे, ‘दाळ छान झाली आहे,’ आणि आई त्यांना पळी दाखवायची.

डोणी पुन्हा भरली नाही. पण उन्हाळा लागला की दुपारी, पूर्वी ते फूल उघडायचं त्या वेळेला, आई मागच्या तळ्यावर जाऊन यायची. विमलकाकूही बरोबर जायच्या, ‘चला, पहारा देऊन येऊ’ म्हणत. मला नोकरी लागली, मी आधी डांगात आणि मग महाराष्ट्रात गेलो. सुटीत घरी गेलो की आई मलाही घेऊन जायची आणि माझ्या डोळ्यांनी बघायला लावायची. तळ्यात सांडपाणी आलं, जलपर्णी आली, गाळ आला. एवढ्या पसाऱ्याखाली एक करंगळीएवढा घड वीस वर्षं गप्प बसू शकतो का, हे विचारायला त्रिवेदी सरही तोवर उरले नव्हते. शेवटच्या आजारपणात, बाबांच्या मागे दोन वर्षांनी, तिनं मला तळ्याबद्दल विचारलं होतं. मी म्हणालो, काही दिसत नाही. ती म्हणाली, ‘न दिसणं वेगळं आणि नसणं वेगळं, हे तूच सांगितलंयस.’ ती गेली. लाईन पाडली. त्यानंतर बडोद्याला जाण्याचं मला कारण राहिलं नाही. दुपारी पानं मांडताना मात्र अजून कान भोंग्याकडे जातात. सातव्या मजल्यावर भोंगा कुठला.

गेल्या महिन्यात विमलकाकूंच्या नातीचा फोन आला. तिचं नाव ईशा. तीही वनस्पतीशास्त्र शिकते, आणि त्या भागातल्या तळ्यांतल्या पाणवनस्पतींवर तिला कॉलेजचं काम करायचं होतं, तेव्हा मी सहज म्हणावं तसं तिला मागचं तळंही घे म्हणून सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. ती मराठीत सुरुवात करून गुजरातीत आणि मग इंग्रजीत जात होती, तरुण मुलं बोलतात तसं.

‘काका, ते तळं हमणां, नुकतंच साफ केलंय, खबर आहे तुम्हांला? गाळ काढला, सगळं. मी तीन वेळा गेले. सकाळी, दुपारी, आणि एकदा संध्याकाळनंतर पप्पांना घेऊन. एक जागा सोडली नाही. लिली आहे.’

मी खुर्चीचा हात धरला. ‘कुठली?’

‘पांढरी. पानाला दाते आहेत, मी हात लावून बघितलं. रात्री उघडते. आपली देशीच.’

‘पिवळी?’

‘ना काका.’

‘ईशा, मुळापासून काढून बघितलंस? दुपारी गेली होतीस तेव्हा ऊन होतं?’

ती हसली. ‘काका, आजी सगळं सांगायची मला. गाळ काढला तेव्हा मी काठावरच उभी होते. प्रत्येक ढिगात हात घातला. पिवळी त्या तळ्यात नाही. नव्हतीच आली.’